पोषकाधिक्य आणि वनस्पतिवैविध्य

मातीत पोषकद्रव्ये व पाणी मुबलक झाले की गवताळ कुरणाची वाढ भरघोस होते. मात्र तेथील वनस्पतींच्या जाती घटतात. या घटनेचा सर्वांत दीर्घ पुरावा इंग्लंडमधील पार्क ग्रास प्रयोगातून मिळतो.

प्रयोग : जॉन बेनेट लॉझ व जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये हर्टफर्डशरमधील रॉथमस्टेड येथे सुमारे २.८ हेक्टर जुन्या कुरणावर हा प्रयोग सुरू केला. कोणत्या खताने वाळल्या चाऱ्याचे उत्पन्न वाढते, एवढेच त्यांना पाहायचे होते. दोन-तीन वर्षांतच प्रत्येक वाफ्यातील वनस्पती वेगळ्या दिसू लागल्या. खत न घातलेल्या वाफ्यांत आजही पस्तीसहून अधिक जाती आढळतात. स्फुरद व पालाश मिळालेल्या, पण नत्र न दिलेल्या वाफ्यांत शिंबी कुलातील वनस्पती फोफावतात. अमोनियम सल्फेटमधून सर्वाधिक नत्र मिळालेल्या व चुना न घातलेल्या वाफ्यांत मात्र दोन-तीन जातीच उरल्या आहेत.

कारणे : नत्र मिळताच उंच गवते झपाट्याने वाढतात आणि त्यांच्या सावलीत बुटक्या वनस्पतींना प्रकाश मिळत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खत घातलेल्या गवताच्या तळाशी दिवे लावले, तेव्हा जातींची ही घट टळली. अमोनियम सल्फेटमुळे मातीची आम्लता वाढते आणि ती अनेक जातींना सोसत नाही. शिवाय नत्र, स्फुरद व पाणी यांच्या टंचाईत वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या बाबतींत वरचढ ठरतात, म्हणून त्या शेजारी नांदतात. या टंचाया एकेक करून दूर केल्या, की एकत्र नांदण्याचे आधारही तितकेच कमी होतात. कॅलिफोर्नियातील कुरणात पोषकद्रव्यांसोबत पाणीही देऊन केलेल्या प्रयोगात (२००७) हेच दिसले.

महाराष्ट्रातील संदर्भ : साताऱ्याजवळील कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा पातळ, निकस थर आहे. पावसाळ्यात तेथे सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती फुलतात. मातीत न मिळणारे नत्र त्या कीटकांपासून मिळवतात. माती सुपीक झाली, तर त्यांचे हे कौशल्य निरुपयोगी ठरेल आणि उंच गवत त्यांना झाकून टाकेल. म्हणून अशा सड्यांचा (खडकाळ पठारांचा) निकसपणा हा दोष मानून तो खताने दूर करणे घातक आहे.

पुनःप्राप्ती : पार्क ग्रासच्या काही वाफ्यांच्या अर्ध्या भागात १९८९ पासून नत्र देणे थांबवले. तेथे जाती हळूहळू परतल्या. हानी भरून येऊ शकते, पण त्यासाठी दशके लागतात आणि परतणाऱ्या जाती आसपास जिवंत असाव्या लागतात.