दारफाळणी, शिळा सण आणि अनाशीचं मडकं



स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असा समितीचा निरोप आला. त्या आठवणी तुमच्यापैकी अनेक जण माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात लढाया होत्या, तह होते, सनावळ्या होत्या, पण सणवार नव्हते. म्हणून मी सणांचा थोडा इतिहास लिहिते आहे. आणि तोही आपल्या खानदेशातला नाही, कोकणातला.

माझी या विषयाशी गाठ पडली ती नोकरीमुळे. वेगवेगळ्या देशांच्या सुट्ट्या संगणकाला शिकवणं हा काही काळ माझ्या कामाचा भाग होता. इस्रायलच्या सुट्ट्यांच्या तारखा तपासताना त्या ओळखीच्या वाटू लागल्या. २०२५ चंच पाहा. २२ सप्टेंबरला आपली घटस्थापना होती आणि त्याच संध्याकाळी ज्यूंचं नवं वर्ष लागलं. २ ऑक्टोबरला दसरा आणि तोच त्यांच्या कडक उपासाचा, योम किप्पुरचा दिवस. ६ ऑक्टोबरला कोजागिरी आणि त्या संध्याकाळपासून त्यांचा मांडवांचा सण. १२ एप्रिलला आपली हनुमान जयंती होती, तेव्हा सूर्यास्तानंतर त्यांचा वल्हांडण सुरू झाला.

यात चमत्कार काही नाही. त्यांचे महिने चंद्राचे, अमावास्येनंतर सुरू होणारे, म्हणजे महाराष्ट्रातल्या महिन्यांसारखेच. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून तेही अधिक महिना धरतात. फरक एवढाच की त्यांचा हिशोब १९ वर्षांत ७ असा ठरलेला आणि जादा महिना नेहमी अदार हाच. आपल्याकडे ज्या महिन्यात सूर्यसंक्रांत येत नाही तो अधिक, मग तो श्रावण असो की ज्येष्ठ. त्यामुळे काही वर्षी दोन्ही पंचांगांत एक महिन्याचं अंतर पडतं. २०२१ मध्ये पडलं होतं.

आता माणसांकडे येते. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं ज्यूंचा एक समाज राहत आला. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात. त्यांच्या परंपरेत अशी कथा आहे की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. त्या जागी आज स्मारक आहे. पोथ्यापुस्तकं समुद्राने गिळली. वाचलेले लोक गावोगाव पसरले, तेलाचा घाणा चालवू लागले, मराठी बोलू लागले आणि गावांवरून आडनावं घेऊ लागले. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू भाषा विसरली गेली. शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना, एवढं मात्र टिकलं.

सणही टिकले, पण त्यांची नावं टिकली नाहीत. ती त्यांनी मराठीत नव्याने पाडली आणि नाव देताना समोर जे दिसलं तेच उचललं. वर्षाचा पहिला दिवस ‘नव्याचा सण’. त्यानंतर थोड्याच दिवसांत नव्या धान्याची खीर करायची, तो ‘खिरीचा सण’. उपासाच्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची, बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवायचा नाही, म्हणून ती ‘दारफाळणी’. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची, गोरगरिबांना दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं, तो ‘शिळा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक करण्याच्या दिवशी वालाचं बिरडं खात, तो ‘बिरड्याचा सण’. पुढे शिकून घेतलेल्या काही उपासांना शेजारच्या मुसलमानांकडून आलेला ‘रोजा’ हा शब्द लागला.

मला सगळ्यात आवडतो तो ‘अनाशी ढाकाचा सण’. अनाशी म्हणजे कालवणात घालण्यासाठी आंबट पाणी साठवायचं मातीचं मडकं. वसंतातल्या पौर्णिमेच्या सुमारास ते आठवडाभर झाकून ठेवायचं. इजिप्तच्या गुलामीतून सुटताना पीठ आंबायलाही वेळ मिळाला नव्हता, म्हणून त्या आठवड्यात आंबवलेलं वर्ज्य, हे जगभरचे ज्यू मुलांना सांगतात. कोकणात मोशे विसरला गेला, इजिप्त विसरलं गेलं, आंबटाचं मडकं झाकायचं एवढं लक्षात राहिलं. आम्ही संगणकवाले कारण न लिहिता ठेवलेल्या जुन्या सूचनांना नावं ठेवतो. पण ही सूचना कारणाशिवाय कित्येक पिढ्या चालली, आणि ती चालवली स्वयंपाकघरातल्या बायकांनी. पुढे डेव्हिड राहाबी नावाचे ज्यू गृहस्थ कोकणात आले. हे लोक खरोखर ज्यू आहेत का, हे पाहायला त्यांनी बायकांपुढे मासे ठेवले, अशी गोष्ट सांगतात. बायकांनी खवले नसलेले मासे बाजूला काढले. परीक्षा संपली.

तिथ्या कशा टिकल्या असतील? माझा तर्क असा की पंचांग शेजाऱ्यांचं होतं. गावात घट बसले की दहाव्या दिवशी दार लावायचं, हे लक्षात ठेवायला पोथी लागत नाही. पर्शियातल्या ज्यूंना वाचवणाऱ्या एस्तेर राणीच्या सणाला, पुरीमला, ते चक्क ‘होळीचा सण’ म्हणत, कारण तो फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येतो. आपल्याला हे विचित्र वाटायला नको. आपल्या वर्गात अक्कलकुव्याची, धडगावची मुलं होती. काठीच्या राजवाडी होळीत रात्रभर ढोल वाजतो आणि होळी पहाटे पेटते. शहरातल्या आपल्या होळीशी तिचं साम्य तेवढंच, नावापुरतं.

मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं म्हणतात. हळूहळू हिब्रू नावं परत आली. जुनी मराठी नावं आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्यामुळे. त्यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. १८९७ मध्ये त्यांनी आपल्या लोकांचा इतिहास लिहून पुरा केला. ते पुस्तक छापलं गेलं १९३७ मध्ये, तेल अवीवला. तोवर किहीमकर हयात नव्हते. हस्तलिखित त्या चाळीस वर्षांत कुठे गहाळ झालं असतं, तर मडक्याचा सण आज कोणाला सांगता आला असता?

स्वातंत्र्याच्या सुमारास हा समाज साधारण वीस हजारांचा होता. मग बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांबाबत शंका काढल्या, तेव्हा ते रस्त्यावर उतरले आणि १९६४ मध्ये बरोबरीचा मान मिळवला. शतकानुशतकं मडकं झाकणाऱ्यांना हे सिद्ध करावं लागलं, याचा मला राग येतो. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा इथे काही हजारच उरले होते.

तरी वर्षाचे कार्यक्रम चालू आहेत. लग्न ठरलं, नवस फेडायचा असला, नवं घर घेतलं की मलिदा होतो. आपल्याकडे दर्ग्यावर मलिदा मिळतो तो पोळीचा, गुळाचा. त्यांचा असतो पोह्यांचा, खोबरं आणि गूळ किंवा साखर घालून, सोबत फळं. तो एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. माघाच्या सुमारास झाडांचा सण येतो, तेव्हा लोक तिथे जातात. या यात्रेचं जुनं नाव ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’. इस्रायलमध्येही मलिदा होतो, महाराष्ट्र दिन साजरा होतो, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथे निघालं. तिथल्या नातवंडांना मात्र सण हिब्रू नावानेच ठाऊक असतात.

२०२६ मध्ये आपला अधिक ज्येष्ठ येतो, त्यामुळे नव्याचा सण १२ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी पडतो आणि दारफाळणी २१ सप्टेंबरला. दसरा त्यानंतर जवळजवळ महिन्याने.

स्नेहसंमेलनाला याल तेव्हा माझं एक काम करा. आपण दहावीला होतो तेव्हा आपला जिल्हा धुळे होता, नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा झाला. त्या वेळी घरात आजी आखाजी म्हणायची आणि शाळेत आपण अक्षय तृतीया लिहायचो. आखाजी आणि कानबाई माझ्या वहीत आहेत, रोटांसकट. भिली, पावरी आणि मावचीतली सणांची नावं नाहीत. ज्यांच्या घरात ती अजून बोलली जातात, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला गाठा. वही घेऊन मी येणारच आहे.