भीमथडीचं तट्टू कोणी वाचवलं?

२०२३ साली राजा बढे यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे महाराष्ट्राचं राज्यगीत झालं. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. आपण तो गातो आणि पुढे जातो. हे तट्टू अजून जिवंत आहे, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं.

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेकाठचा घोडा तो भीमथडी. लहानसर, अरबी घोड्याचा रुबाब नाही. पण कमी चाऱ्यावर भागवणारा, खडकाळ घाटवाटा तुडवणारा. मराठ्यांच्या चपळ लढाईला असंच जनावर हवं होतं. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. १७३७ मध्ये पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकले, १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. फौजा मोडल्या, तट्टाची नोकरी गेली. पुढे मोटार आली. भाषेत ‘भाड्याचं तट्टू’ ही शिवी तेवढी उरली.

मग तो टिकला कसा? धनगरांमुळे. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागातले मेंढपाळ पावसाळा सरला की मेंढरं घेऊन चाऱ्यामागे निघतात. भांडी, पाल, वाघर, नुकती जन्मलेली कोकरं, असा सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असतो.

मंगोलियातला रानटी प्रझेवाल्स्की घोडा १९६०च्या दशकात रानातून नाहीसा झाला. प्राणिसंग्रहालयांत त्याची पैदास करून १९९२ पासून तो पुन्हा तिथल्या माळांवर सोडला गेला. त्याला जगायला मोकळं रान हवं. भीमथडीला मात्र काम देणारा माणूस हवा.

अलीकडेच करनालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. चांगलंच झालं. पण गायरानं आक्रसतायत, बिऱ्हाड टेम्पोत चढतंय, वाड्यावरच्या पोरांना शाळा हवी आहे. ‘घोड्यासाठी भटकत राहा’ असं त्यांना सांगायचा आपल्याला काय हक्क? चराईचा हक्क, वाटेवर जनावरांचा डॉक्टर, पोरांच्या शिक्षणाची सोय, एवढं मिळालं तर निवड त्यांची राहील.

घोडा का अडला? न फिरवल्यामुळे, असं जुनी चातुर्यकथा सांगते. भीमथडी दोनशे वर्षं अडला नाही, कारण कुणीतरी त्याला फिरवत राहिलं. त्या माणसांचं नाव राज्यगीतात नाही.