एकटीचे कोर्ट : प्रस्तावना

बॅडमिंटनच्या एकेरीचे कोर्ट 44 फूट लांब आणि 17 फूट रुंद असते. जाळीच्या एका बाजूचा हिशेब केला तर खेळाडूच्या वाट्याला 22 बाय 17 फूट जागा येते. डोंबिवलीतल्या जुन्या इमारतीतल्या वन-रूम-किचनएवढी. या जागेत एका मुलीची पंधरा-वीस वर्षे जातात. ती वर्षे नीट वाचायची कशी, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. वाचकाला खेळ येत नसला तरी चालेल. बाकावर बसून दोन तास पाहण्याची तयारी मात्र हवी.

राष्ट्रीय विजेत्यांची यादी उघडणाऱ्या अभ्यासकाला पहिली ठेच आडनावापाशी लागते. दमयंती सुभेदार आणि दमयंती तांबे एकच. मधुमिता गोस्वामी पुढे मधुमिता बिश्त झाल्या, मंजुषा पावनगडकर मंजुषा कंवर झाल्या. पुरुषांच्या यादीत ही अडचण येत नाही. नंदू नाटेकर पहिल्यापासून शेवटपर्यंत नंदू नाटेकरच राहतात. लग्नानंतर नाव बदलले की कोष्टकात एकीच्या दोघी होतात आणि कारकीर्द मधोमध तुटल्यासारखी दिसते. कधी ती खरोखरच तुटलेली असते. दमयंती तांबे यांच्या लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा 1971च्या युद्धात त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे बेपत्ता झाले. अर्जुन पुरस्कार मिळालेली ही खेळाडू पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी करू लागली आणि पतीचा शोध घेत राहिली. त्या वर्षांची नोंद स्पर्धेच्या कुठल्याही ड्रॉमध्ये, म्हणजे लढतींच्या तक्त्यात, सापडणार नाही. म्हणून माझे पहिले सांगणे हे की, यादीत नाव दिसेनासे झाले की तिथे पान उलटू नका. खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

याच्या आधीची पिढी पुण्याची. क्रिकेटमधले प्रा. दि. ब. देवधर सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तीन मुलींनी 1940च्या दशकात बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदे घरी आणली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वडिलांच्या नावाने क्रिकेटची स्पर्धा भरवली गेली. मुलींवर मराठीत एक सविस्तर पुस्तक असायला हवे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसरी ठेच गुणांची. 2006पर्यंत सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळत असे. पुरुषांचा गेम 15 गुणांचा आणि महिला एकेरीचा 11चा. यामागे स्त्रियांच्या दमाविषयी काय गृहीत धरले होते, ते वेगळे सांगायला नको. 2006मध्ये प्रत्येक रॅलीला गुण आला आणि दोघांचाही गेम 21चा झाला. आता अपर्णा पोपट यांची कारकीर्द या तारखेशेजारी ठेवून पाहा. मुंबईची ही खेळाडू 1996मध्ये जागतिक ज्युनियर स्पर्धेत उपविजेती ठरली, 1998मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले, आणि 1998 ते 2006 अशी सलग नऊ वर्षे ती राष्ट्रीय विजेती राहिली. प्रकाश पदुकोण यांच्या सलग नऊ विजेतेपदांशी तिने बरोबरी केली. 2006च्या अंतिम सामन्यात समोर पंधरा वर्षांची साइना नेहवाल होती. त्याच वर्षी अपर्णा निवृत्त झाली आणि त्याच वर्षी खेळाचे गणित बदलले. म्हणजे तिची बहुतेक विजेतेपदे एका पद्धतीतली आणि साइना व पी. व्ही. सिंधू यांची मोठी पदके दुसरीतली. जुन्या पद्धतीत सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राही आणि फळ्यावर आकडा हलत नसे. 11-4 असा गेमही घाम काढणारा असू शकतो. दोन काळांतले आकडे एकमेकांवर ठेवून कोण मोठी ते ठरवणारे लेख मी गंभीरपणे घेत नाही.

आता ठाण्याकडे येऊ, कारण हे सगळे पाहायला दूर जावे लागत नाही. ठाणे महापालिकेची सय्यद मोदी बॅडमिंटन प्रशिक्षण योजना आणि तिथे प्रशिक्षक श्रीकांत वाड यांनी दिलेले प्रशिक्षण हे या शहराच्या क्रीडाजीवनातले मोठे काम आहे. दुहेरीतला अक्षय देवलकर इथलाच. डोंबिवली जिमखान्यातही कोर्ट आहेत. सकाळी हॉलमध्ये गेलात तर आधी रॅकेट दिसणार नाही. शटल नसलेल्या कोर्टवर एक मुलगी सहा कोपऱ्यांत धावत असेल: पुढे दोन, बाजूला दोन, मागे दोन, आणि दर वेळी मध्यावर परत. याला शॅडो म्हणतात. कानावर येणारे शब्दही टिपून ठेवा. मागच्या रेषेपर्यंत उंच जाणाऱ्या ज्या फटक्याला परदेशात क्लिअर म्हणतात, त्याला आपल्याकडे टॉस म्हणतात. जाळीजवळच्या नाजूक फटक्याला ड्रिबल. हे शब्द हॉलमध्येच शिकायला मिळतात.

आणि शटल. सोळा पिसांचे, जास्तीत जास्त साडेपाच ग्रॅमचे. पीस कोरडे पडले की तुटते, म्हणून आदल्या रात्री गॅसवर पाणी उकळत ठेवून शटलच्या नळीला वाफ दिली जाते. मुलगी झोपलेली असते आणि स्वयंपाकघरात आई किंवा बाबा नळीचे झाकण उघडून, हात भाजणार नाही असे धरून, ती वाफेवर क्षणभर फिरवत असतात. कारकिर्दीचा खर्च म्हणजे काय, हे मला आकड्यांपेक्षा या दृश्यातून अधिक कळते.

मग लोकल. कल्याण किंवा डोंबिवलीहून लेडीज डब्यात कीटबॅग घेऊन चढणारी मुलगी जागा अडवते म्हणून बोलणी खाते. पंधरा वर्षांखालील गटातून सतरा वर्षांखालील गटात जाताना नेमकी दहावी येते. क्रीडागुणांचा आधार असतो, पण सरावाचे तास परत मिळत नाहीत. ज्या मुली इथे थांबतात, त्यांना अपयशी म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. जिल्हास्तरावर पाच वर्षे खेळलेली मुलगी हीसुद्धा या खेळाची खेळाडू आहे. तिच्याशिवाय ड्रॉ भरत नाही आणि विजेतीला पहिली फेरी मिळत नाही.

ज्या पुढे जातात, त्यांना बहुधा घर सोडावे लागते. अपर्णा बेंगळुरूला पदुकोण अकादमीत गेली. पुढे आधार येतो तो नोकरीचा, बहुतेक वेळा तेल कंपनीतल्या. अपर्णा इंडियन ऑइलमध्ये होती. आजचे उदाहरण हवे तर नागपूरची मालविका बनसोड घ्या. आई-वडील दोघेही दंतवैद्य. जानेवारी 2022मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये तिने साइनाला 21-17, 21-9 असे हरवले आणि एका दिवसात देशभर नाव झाले. त्या एका दिवसामागच्या दहा-बारा वर्षांवर कोणी लिहिणार असेल, तर ते लिखाण वाचायला मी उत्सुक आहे.

शेवटी एक विनंती. जिल्हा स्पर्धेचा ड्रॉ हॉलच्या भिंतीवर चिकटवतात, त्यावर पेनाने गुण लिहितात आणि रविवारी संध्याकाळी तो कागद फाडून टाकतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या मुलींच्या खेळाचा पुरावा असा दर आठवड्याला केराच्या टोपलीत जातो. तुमच्या माळ्यावर जुने ड्रॉ, प्रमाणपत्रे, सरावाच्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका. मागच्या बाजूला तारीख लिहा, हॉलचे नाव लिहा, आणि त्या मुलीची माहेरची व सासरची अशी दोन्ही नावे लिहून ठेवा.