बांबूउडी आणि 'नंतर'चा प्रश्न

व्याख्यानाचा विषय काय, असं संयोजकांनी फोनवर विचारलं आणि आम्ही 'बांबूउडी' असं सांगितलं, तेव्हा पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराकडून त्यांना गीता किंवा ज्ञानेश्वरी अपेक्षित असावी. तीही येईल कधीतरी. आजच्या विषयाचं कारण घरातलंच आहे.

आमची नात तेरा वर्षांची. बोईसरला शाळेत जाते, लांब उडी बरी मारते. तिच्या डोक्यात बांबूउडीचं वेड शिरलं. एका सुट्टीतल्या शिबिरात, ते कुठलं हे सांगण्याचं कारण नाही, तिच्या हाती दुसऱ्याच दिवशी वाकणारी काठी दिली गेली. "आधी काठी वाकवायला शीक, जमीन कशी सोडायची ते नंतर," असं सांगण्यात आलं. आठव्या दिवशी पोरगी कंबर धरून घरी आली. सहा आठवडे मैदान बंद. पलंगावर पडल्या पडल्या तिने आम्हाला विचारलं, "आजोबा, ते 'नंतर' म्हणजे कधी?"

आता हा प्रश्न आमच्या धंद्यातला निघाला. ब्रह्मसूत्रांचा पहिला शब्दच 'अथ'. अथ म्हणजे यानंतर. पण कशानंतर? शंकराचार्य म्हणतात, विवेक-वैराग्यादी साधनं अंगी बाणल्यानंतर. कर्मकांडाचा अभ्यास झालाच पाहिजे असं नाही. रामानुज म्हणतात, कर्माचा विचार आधी, मग ब्रह्माचा. एका शब्दावर शतकानुशतकं वाद चालला, कारण शिकवण्याचा क्रम चुकला तर विद्याच चुकते, हे दोघांनाही मान्य होतं. आमच्या पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते सोनोपंत दांडेकरही तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक, त्यामुळे या जिल्ह्यात या विषयांतराची माफी मागण्याची गरज नसावी.

तर बांबूउडीत 'नंतर' कुठून आलं? त्यासाठी इतिहासात जावं लागतं.

मराठीत आपण अजून बांबूउडी म्हणतो, पण स्पर्धेतून बांबू जाऊन कित्येक दशकं झाली. १८९६ साली अथेन्सला पहिलं ऑलिंपिक झालं, तेव्हा अमेरिकेचा हॉइट ३.३० मीटर उडून जिंकला; त्या काळी लाकडी काठ्या होत्या. पुढे बांबू आला. हलका, चिवट, थोडासाच लवणारा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ही स्पर्धा रात्रीपर्यंत लांबली. अमेरिकेच्या मेडोजने ४.३५ मीटरवर सुवर्ण घेतलं. मागे राहिले दोन जपानी, निशिदा आणि ओए. दोघांची उंची सारखी. रुपेरी आणि कांस्य पदक वाटून झाल्यावर त्यांनी मायदेशी ती अर्धी अर्धी कापून जोडून घेतली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच उन्हाळ्यात बर्लिनला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू मल्लखांबासह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवत होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. एका गावात एकाच वेळी काठीच्या दोन विद्या! मल्लखांबाकडे आपण परत येऊच.

बांबूच्या युगाचा राजा म्हणजे कॉर्नेलियस वॉर्मरडॅम. कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचा मुलगा, घरच्या शेतावर उड्या मारत शिकलेला. १९४० साली तो पंधरा फुटांवरून गेला, तसं करणारा पहिलाच माणूस. १९४२ साली ४.७७ मीटर. हा विक्रम १९५७ पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

आता नीट ऐका, कारण इथेच सगळी मेख आहे. बांबू किंवा धातूची काठी जवळजवळ ताठ असते. धावत येऊन तुम्ही ती समोरच्या बॉक्समध्ये, म्हणजे जमिनीतल्या उतरत्या खाचेत, टेकवता. त्या क्षणी तुमचं पाऊल कुठे आहे? वरच्या हाताच्या बरोबर खाली असेल, हात पूर्ण वर ताणलेले असतील आणि तुम्ही उडीच्या बेतात असाल, तर काठी उभी होते आणि तुम्हाला वर नेते. पाऊल हातभर आत पडलं असेल तर काठी तुम्हाला मागे खेचते. खांद्याला हिसका, कंबरेला हिसका, आणि उडी फुकट. ताठ काठी ताबडतोब शिक्षा करते. म्हणून त्या काळच्या पोराला जमीन सोडण्याचं तंत्र 'नंतर' शिकण्याची सवलतच नव्हती.

आमच्या लहानपणी केळवे-माहीमकडच्या खाजणातले चर आम्ही पोरं बांबू रोवून ओलांडायचो. काठी चिखलात बसेपर्यंत जो पाय रोवून उभा राहिला, तो हटकून मागे चिखलात आपटायचा. मोठी मुलं ओरडायची, "काठी टेकायच्या आत सुट रे!" कोचिंग एवढंच. ते शास्त्रशुद्ध होतं हे कळायला आम्हाला साठ वर्षं लागली.

मग फायबरग्लास आला. १९५६ साली मेलबर्नला ग्रीसच्या रुबानिसने तसली काठी वापरून कांस्यपदक मिळवलं; १९६१ साली जॉर्ज डेव्हिसने तिच्यावर ४.८३ मीटरचा विश्वविक्रम केला. काठी धनुष्यासारखी वाकते, शक्ती साठवते, मग सरळ होताना माणसाला फेकते. फोटोत ते धनुष्य फार देखणं दिसतं. आणि जे देखणं दिसतं तेच शिकवलं जातं, हा शिक्षणातला जुना रोग आहे. पुष्कळ ठिकाणी खालच्या हाताने काठी ढकलून वाकवणं हाच पहिला धडा झाला. पाऊल आत पडलं तरी वाकणारी काठी हिसका गिळून टाकते, निदान काही काळ. ताठ काठी चूक दाखवत होती, ही काठी चूक झाकू लागली. आमच्या मते त्या दिवसापासून जमीन सोडण्याचं तंत्र 'प्रगत' ठरलं, पुढच्या इयत्तेत ढकललं गेलं. तंत्र अवघड झालं नव्हतं. ते दिसेनासं झालं होतं, एवढंच.

हे उलटं फिरवलं विताली पेट्रोव्ह यांनी, तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधल्या वोरोशिलोवग्रादला. त्यांचा शिष्य सर्गेई बुबका, जन्म १९६३ चा, दहाच्या आसपासच्या वयात या खेळात आला. १९८३ साली, एकोणीस वर्षांचा असताना, जगज्जेता. १९८५ साली पॅरिसला सहा मीटर ओलांडणारा पहिला. पुढे मैदानी आणि बंदिस्त मिळून पस्तीस विश्वविक्रम. पेट्रोव्ह यांच्या शिकवणीचा गाभा असा: काठीचं टोक बॉक्सच्या मागच्या भिंतीला भिडण्याच्या निमिषभर आधी पायाचा अंगठा जमीन सोडून गेला पाहिजे. याला मोकळी उडी म्हणतात. काठी वाकवायची नाही. नीट उडालात तर ती आपोआप वाकते. ही मांडणी थेट ताठ काठीच्या काळाशी नातं सांगते.

इथे आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. जगातले कित्येक मोठे खेळाडू पाऊल थोडं आत टाकूनच उडतात आणि पदकंही घेतात. शिवाय पूर्ण वेगात, सेकंदाला नऊ-दहा मीटर धावत येऊन, निमिषभराचा हिशेब साधणं बुबकालासुद्धा प्रत्येक वेळी जमत नसे. मग ते तेरा वर्षांच्या मुलीकडून का मागायचं?

पूर्ण वेगात मागूच नये. या वयात मुलं महिन्या-महिन्याला वाढतात, टांग लांबते. गेल्या पावसाळ्यात आखलेली धावण्याची खूण दिवाळीला चुकते. त्यांना सोळा-अठरा पावलांची धाव आणि वाकणारी काठी देऊन मोकळी उडी मागणं म्हणजे मुळाक्षरं गिरवणाऱ्याकडून खंडकाव्य मागणं. पण तीन पावलं चालत येऊन, कमी उंचीवर पकडलेल्या ताठ काठीने, वाळूत? तिथे तीच मोकळी उडी पहिल्या आठवड्यात शिकवता येते. मग पाच पावलं, सात पावलं. थांबायला हवं ते वरच्या पकडीने आणि वाकणाऱ्या काठीने, जमीन सोडण्याच्या रीतीने नव्हे.

आता मल्लखांब. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त त्याचा उल्लेख आहे. आजची परंपरा मात्र दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांपासून धरतात. सप्तशृंगीला जाऊन त्यांनी ही विद्या मिळवली आणि निजामाकडच्या पैलवानाला हरवलं, ही कथा तुम्ही ऐकली असेल. आम्हाला कथेपेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. खांबावर जाण्यालाच तिथे उडी म्हणतात. आम्ही पाहिलेल्या आखाड्यांत सहा वर्षांचं पोर पहिल्या दिवशी उडीच शिकतं, उस्तादाच्या हातांवर, बुटक्या खांबाशी. दहा वर्षांनी तोच मुलगा अंगाला पीळ देत उडतो तेव्हा उडीचं नाव बदललेलं असतं, पण पकड, छाती आणि नजर तीच. तिथे प्रगत असं वेगळं दप्तर नाही. एरंडेल चोपडलेला खांबही बांबूसारखाच आहे: चुकलात की लगेच खाली.

वयाचं म्हणाल तर इतिहास कुठलाच आकडा देत नाही. डुप्लांटिस, ज्याने २०२५ साली टोकियोला ६.३० मीटर केले, तो घरामागच्या अंगणात तीन-चार वर्षांचा असताना शिकू लागला. वडील स्वतः ५.८० उडालेले. इसिनबायेवा पंधराव्या वर्षापर्यंत जिम्नॅस्टिक्समध्ये होती, उंची वाढली म्हणून तिथून बाहेर पडली, आणि २००५ साली पाच मीटर ओलांडणारी पहिली स्त्री झाली. आपल्याकडे सुरेखाने २०१४ साली ४.१५ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. एकीला अंगाची जाण आधीच मिळाली होती, एकाला काठी खेळणं म्हणून मिळाली. आमचा कल इथे शंकराचार्यांकडे झुकतो: 'अथ' म्हणजे अमुक वर्ग पास झाल्यानंतर नव्हे, अमुक गुण अंगी आल्यानंतर. काठी खांद्याशी घेऊन सरळ धावता येणं, एका पायावर ताठ उडता येणं, हात वेळेवर वर जाणं. एवढं असलं की लहान मापात सुरुवात करा.

"गाद्या कुठे आहेत, काठ्या कुठे आहेत," असं तारापूरच्या एका पालकांनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं. पहिल्या वर्षाला गादी लागतच नाही. गेले दोन महिने आम्ही नातीला घेऊन ओहोटीच्या वेळी चिंचणीच्या किनाऱ्यावर जातो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, हेही सांगतो. पुरुषभर उंचीचा बांबू, तीन पावलं. ओल्या वाळूवर दोन खुणा उरतात: काठीचं भोक आणि शेवटच्या पावलाचा ठसा. बांबू जितका उंच पकडला असेल, त्या मानाने ठसा कुठे पडायला हवा ते आम्ही आधीच काडीने आखून ठेवतो. मग ती स्वतःच वाकून पाहते. परवा बारा उड्यांत पाच ठसे रेघेवर होते, बाकीचे आत. तेराव्याला भरतीचं पाणी आलं.