घरकुलाची भिंत आणि पायाखालची जमीन

“ह्यांस्नी सगळं फुकाट मिळतंय” हे वाक्य कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहुतेक बौद्धवाड्यांनी कधी ना कधी ऐकले आहे. गावात रमाई आवासची यादी लागली की पारावर ते हमखास निघते. आपली पोरे मग रागाने भांडतात किंवा मान खाली घालून निघून जातात. आम्हाला वाटते, या टोमण्याला इतिहासाने उत्तर दिले पाहिजे. घरकुल योजना दयेतून आलेली नाही. ती रोजगाराच्या कामातून, मजुराच्या घामातून आली आहे. तिच्यात एक गोष्ट मात्र पहिल्यापासून राहून गेली, ती म्हणजे जमीन.

सुरुवात वतनापासून करावी लागेल. महार वतनात काम आधी होते आणि भाकर नंतर. निरोप पोचवा, सीमेची खूण दाखवा, मेलेली जनावरे ओढा, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळा. दिवस-रात्रीला हिशेब नव्हता. बदल्यात इनामाचा तुकडा आणि बलुते. वतन सामाईक असल्याने एकाने नव्हे, अख्ख्या वाड्याने राबायचे. ती जमीन मालकी नव्हती, ते दावे होते. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द करून जमिनी रयतावा केल्या आणि हे दावे तोडले. पुढे 1920 च्या मार्चमध्ये याच संस्थानातल्या माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. तरीही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा यायला 1958 उजाडले. महाराजांनी जे केले, त्याला राज्याला चाळीस वर्षे लागली.

वतन गेले, पण वाडा तिथेच राहिला. गावकुसाबाहेरच्या तेवढ्याच जागेत तीन-तीन पिढ्या वाढल्या. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, जागा मात्र वाढली नाही. बाबासाहेबांना हे नेमके दिसले होते. 1942 साली नागपूरला शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, आणि 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी त्यासाठी वसाहत आयोग मागितला. त्यांची मागणी पत्र्याची आणि विटांची नव्हती. जिथे आपण कुणाचे मिंधे नसू अशा जमिनीची होती. 6 डिसेंबर 1964 ला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला, तोही याच प्रश्नावर.

सरकारने दुसरी वाट धरली. त्या वाटेचा एक धागा आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातला आहे. 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली आणि 1977 साली कायदा झाला. खडी फोडणारे, पाझर तलाव खणणारे हात कुणाचे होते, हे वेगळे सांगायला नको. पण रस्ता आणि तलाव बांधणाऱ्या मजुराला स्वतःचे घर नव्हते.

केंद्राने 1980 साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार कार्यक्रम आणि 1983 साली भूमिहीनांसाठी रोजगार हमी कार्यक्रम सुरू केला. त्याच रोजगाराच्या पैशातून घरे बांधायला सुरुवात झाली. 1985 साली भूमिहीनांच्या कार्यक्रमातला काही निधी अनुसूचित जाती, जमाती आणि मुक्त वेठबिगार यांच्या घरांसाठी राखला गेला. हीच इंदिरा आवास योजना. 1989 साली ती जवाहर रोजगार योजनेत गेली, 1993-94 पासून दारिद्र्यरेषेखालच्या इतर कुटुंबांनाही खुली झाली आणि 1996 साली स्वतंत्र झाली. म्हणजे जन्मानंतरची दहा वर्षे ती रोजगार योजनेचाच भाग होती. इथे एक गोष्ट विसरू नये. 1990 च्या दुरुस्तीपर्यंत केंद्राच्या यादीत बौद्ध हे अनुसूचित जातीत नव्हते. 1956 ला धम्म घेतलेला शेतमजूर राज्याच्या कागदावर नवबौद्ध म्हणून सवलतीला पात्र होता, पण केंद्राच्या यादीत त्याला जागा नव्हती. माणूस तोच, खोपटे तेच.

2008 साली राज्याने अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आणली. ग्रामीण भागात त्यात 1 लाख 32 हजार रुपये मिळत होते. 2016 साली इंदिरा आवासची प्रधानमंत्री आवास योजना झाली. सपाट भागात 1 लाख 20 हजार, आणि त्यासोबत मनरेगातून 90 दिवसांची अकुशल मजुरी अशी तिची रचना केली गेली. 2024-25 चा राज्याचा दर होता 297 रुपये. 90 दिवसांचे झाले 26,730. हा पैसा हजेरीपत्रकावर नाव चढल्यावर, पाया खणून, विटा वाहून मिळतो. बाकी रकमेत आजच्या भावाने घर उभे राहत नाही, म्हणून वरचे पैसे बचत गटाच्या कर्जातून, उसाच्या फडातल्या उचलीतून येतात. याला फुकट म्हणणाऱ्याने एकदा जोता पातळीपर्यंत दगड वाहून पाहावा.

पण खरी अडचण जोत्याच्याही खाली आहे. हप्ता मिळायला आधी जागेचा कागद लागतो. नमुना 8 चा उतारा आजोबांच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही, चुलत्यांची संमती मिळत नाही. ज्याला घराची सर्वात जास्त गरज, त्याच्याकडेच कागद नाही. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत 50 हजार मिळायचे, पुढे ते 1 लाख केले. रस्त्यालगतच्या गावात एवढ्यात गुंठाभर जागा तरी येते का? मग माणूस गायरानात राहतो. ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने गायरानातली अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत काढण्याचा आदेश दिला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातही घराघरांत घबराट पसरली, मोर्चे निघाले. ज्या जगपाल सिंग निकालाचा (2011) अशा वेळी दाखला दिला जातो, त्याच निकालात शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल तर नियमित करण्याचा अपवाद ठेवला आहे. तो अपवाद आपल्या कार्यकर्त्यांना पाठ हवा. पट्टा आधीच दिला असता, तर तोच पट्टा आज ढाल झाला असता.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. घरकुलाचा उद्दिष्टांक मोजणाऱ्या सरकारला आधी जमीन विचारा. जमीन महसूल संहितेच्या कलम 122 नुसार गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. प्रत्येक ग्रामसभेत गावठाण वाढीचा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात आला का, हे वाचून घ्या. वाड्यात किती कुटुंबे आणि किती उतारे, याची यादी आपणच तयार करा. वारस नोंदी लावा. नवा उतारा बाईच्या नावाने निघेल हे बघा. घरकुल मंजूर झालेल्याचे हजेरीपत्रक तपासा, त्याची मजुरी दुसऱ्याच्या खात्यावर जात नाही ना, हे पाहा.

शाहू महाराजांनी 1918 साली जमिनीवरचे दावे तोडले, कारण जमीन मोकळी झाल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज सरकार भिंतीसाठी पैसे देते आणि पायाखालच्या जागेबद्दल गप्प बसते. ते गप्प बसते, कारण आपण यादीत नाव आले की गप्प बसतो. पुढच्या ग्रामसभेत अर्ज घरकुलाचा असेल, तर त्याला जोडून दुसरा अर्ज जागेचा असू द्या.

जयभीम!