शक्तिमानचा सायलेन्सर: मिलिटरीचा ट्रक गल्लीत आला तेव्हा

आज इतिहास आहे, पण राजा-महाराजांचा नाही. आज आपण बोलणार आहोत एका पत्र्याच्या डब्याबद्दल. गाडीच्या पोटाखाली टांगलेला, गंजलेला, चिखलानं माखलेला सायलेन्सर.

विषय सुचला तो माझ्या मामामुळे. मामा परळी वैजनाथचे. त्यांना फोन केला की पहिली दोन मिनिटं एकच संवाद चालतो. मी म्हणतो, "मामा, कसे आहात?" तिकडून येतं, "आँ? काय म्हणलास?" मी ओरडतो, ते ओरडतात, आणि माझे रूममेट दार लावून घेतात. मामांचे कान वयानं गेले नाहीत, ट्रकनं गेले. आणि तो ट्रक साधासुधा नव्हता. तो होता शक्तिमान.

आधी ट्रकची ओळख

आपल्या पिढीला शक्तिमान म्हटलं की गोल गोल फिरणारा टीव्हीवरचा हिरो आठवतो. ती मालिका आली १९९७ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून शक्तिमान नावाचा एक खरा पैलवान हिमालयात ओझी वाहत होता.

१९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून पहिला शक्तिमान ट्रक बाहेर पडला. मूळ डिझाइन जर्मनीच्या 'मान' या कंपनीचं, तिच्या परवान्यानं भारतात बनवलेलं. तेव्हा संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन, आणि सैन्याच्या गाड्या देशातच बनाव्यात हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९६९ मध्ये जबलपूरलाच खास व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. चारही चाकांना ताकद, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, वर ताडपत्रीचं छत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या काळात सैन्याचं सामान, जवान, पाणी, रेशन वाहण्यात हाच ट्रक पुढे होता. १९९० च्या दशकात त्याचं उत्पादन थांबलं आणि त्याची जागा नव्या ट्रकनी घेतली.

मग जुन्यांचं काय झालं? सैन्यातून बाद झालेल्या गाड्यांचा लिलाव होतो. दुसऱ्या महायुद्धानंतरही असंच झालं होतं. युद्ध संपलं आणि शेवरोले, फोर्ड, डॉज असे मिलिटरी ट्रक बाजारात आले. 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द तेव्हापासून आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी आहे. मामांनी घेतला तो असाच डिस्पोजलचा शक्तिमान. मागे लोखंडी टाकी बसवली, एमएच-२३ ची पाटी लागली, आणि दुष्काळात तो पाण्याचा टँकर झाला.

बीड जिल्ह्यात टँकर म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. टँकर रात्री दोनला येवो की तीनला, लोक हंडे-घागरी घेऊन उभे. पण मामांचा टँकर यायच्या दहा मिनिटं आधी त्याचा आवाज यायचा. कुत्री भुंकायची, भांडी थरथरायची. एका गल्लीतल्या आजींनी एक दिवस मामांना थांबवून सांगितलं, "पाणी आण बाबा, तुझे उपकार हायेत. पण लेकरं दचकून उठायलेत."

मामांनी दुसऱ्याच दिवशी ट्रक गॅरेजला लावला.

सायलेन्सर आला कुठून?

आता जरा मागे जाऊ. एकदम १८९७ साली, अमेरिकेत. इंडियाना राज्यातल्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. तेव्हा रस्त्यावर घोडे होते. मोटार धडधडत आली की घोडे उधळायचे. म्हणजे बघा, सायलेन्सरचा जन्मच मुळी गाडीत न बसलेल्यांसाठी झाला.

दुसरी गोष्ट त्याहून भारी आहे. हायरम मॅक्सिम या माणसानं १८८४ च्या सुमारास मशीनगन बनवली. तिच्या आवाजानं पुढे तो स्वतःच बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. यानं १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि नंतर त्याच्या कंपनीनं इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले. बापानं आवाज केला, मुलानं तो दाबला.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेत सायलेन्सरला 'मफलर' म्हणतात. आपण मफलर थंडीत कानाला गुंडाळतो. दोघांचं काम एकच, गुंडाळून ठेवायचं!

सैन्याला आवाजाचं काय पडलंय?

तुम्ही म्हणाल, युद्धात तोफा धडाडतात, तिथे ट्रकच्या आवाजाचं कोण बघतो? उलट आहे. ८ ऑगस्ट १९१८, फ्रान्समधलं आमिआं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना शेकडो रणगाडे पहाटे गुपचूप पुढे न्यायचे होते. रणगाडा गुपचूप कसा नेणार? त्यांनी वरून विमानं उडवली. विमानांच्या घरघरीत रणगाड्यांची घरघर लपली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी याच्या नेमकं उलटं केलं. त्यांच्या एका खास तुकडीला पुढे 'भुताटकीचं सैन्य' असं नाव पडलं. या लोकांनी ट्रक आणि रणगाड्यांचे आवाज आधीच रेकॉर्ड करून ठेवले होते. गाडीवर मोठे कर्णे लावून ते रात्री वाजवायचे. आवाज सुमारे चोवीस किलोमीटरपर्यंत जायचा. जर्मनांना वाटायचं, मोठी फौज आली. प्रत्यक्षात तिथे फौज नव्हती, स्पीकर होते. १९४४ साली! आपल्या डीजेवाल्यांचे पणजोबाच म्हणा.

म्हणजे ट्रकचा आवाज ही बातमी असते. कोण येतंय, किती येतायत, कुठून येतायत. सैन्य आवाजाचा विचार करतं तो शत्रूच्या कानांसाठी. त्यातही ट्रक बनवताना पहिला नंबर लागतो टिकाऊपणाचा आणि डोंगरात, कुठेही दुरुस्त करता येण्याचा. गल्लीतल्या लेकरांची झोप त्या यादीत नसते, आणि असायचं कारणही नव्हतं. तोच ट्रक परळीत आला की ऐकणारे कान बदलतात.

कुजबुजणारं इंजिन

यात एक मजेशीर पीळ आहे. १९५० च्या दशकात याच मान कंपनीत झीगफ्रीड मॉयरर नावाचे इंजिनिअर होते. डिझेल इंजिन ठकठक करतं, कारण इंधनाची फवारणी झाली की ते एकदम भडकतं. मॉयरर यांनी पिस्टनच्या डोक्यात गोल वाटीसारखी पोकळी केली आणि इंधन त्या वाटीच्या भिंतीवर पातळ थरासारखं पसरवलं. भिंतीच्या उष्णतेनं ते हळूहळू वाफ होऊन जळतं. दाब एकदम वाढत नाही, त्यामुळे ठोका कमी. जर्मन लोक याला 'कुजबुजणारं इंजिन' म्हणायचे. शिवाय अशा इंजिनात वेगवेगळी इंधनं चालू शकतात, त्यामुळे सैन्यं खूश. अमेरिकेच्या प्रसिद्ध अडीच टनी मिलिटरी ट्रकच्या इंजिनातही हीच पद्धत वापरली गेली.

मग शक्तिमानच्या याच घराण्यातून आलेला ट्रक गल्ली का हादरवतो? कारण इंजिनातला ठोका वेगळा आणि धुराड्यातला धडाका वेगळा.

डब्याच्या आत काय असतं?

हे सोपं करून सांगतो. सहा सिलिंडरचं इंजिन एका फेरीत तीनदा जळका वायू बाहेर फेकतं. मिनिटाला २००० फेऱ्या धरा, म्हणजे सेकंदाला १०० धडाके. ढोलावर सेकंदाला शंभर टिपऱ्या पडल्यासारखं. सायलेन्सर या धडाक्यांना आधी मोठ्या खोलीत सोडतो, तिथे त्यांचा जोर पसरतो. मग जाळीच्या नळ्यांतून, आडव्या पडद्यांतून फिरवतो. आवाजाच्या लाटा आपटून परत येतात आणि एकमेकींना मारतात.

अडचण अशी की हा शंभराचा आवाज खर्जातला आहे. गरम वायूत त्याची एक लाट जवळजवळ पाच मीटर लांब असते. इतकी लांब लाट छोट्या डब्यात सापडत नाही. म्हणून ट्रकचा सायलेन्सर मोठाच लागतो.

मामांनी पहिल्यांदा नेमकी हीच चूक केली. ट्रॅक्टरचा छोटा सायलेन्सर वेल्डिंग करून टाकला. आवाज थोडा कमी झाला खरा, पण अंबाजोगाईकडे भरल्या टाकीनं चढताना ट्रक काळा धूर ओकायला लागला आणि इंजिन तापलं. का? नळी अरुंद, वायूला बाहेर पडायला वाट नाही. माणसाला तोंडावर उशी दाबून पळायला लावल्यासारखं. मेकॅनिक याला 'बॅक प्रेशर' म्हणतात.

गॅरेजवाल्या चाचांनी मग सगळं नीट केलं. जुना सायलेन्सर कापला तर आत पडदेच नव्हते, सगळे कुजून गेलेले. डिझेल जळताना पाण्याची वाफ होते, गाडी थंड झाली की ते पाणी डब्यात साचतं, आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून डबा दिसतो, पण आत नुसती पोकळ नळी. जुने ट्रक ओरडतात त्याचं एक मोठं कारण हेच असतं. चाचांनी तेवढ्याच ताकदीच्या मालट्रकचा मोठा सायलेन्सर आणला, जुन्या पाइपाइतकीच रुंद नळी ठेवली, इंजिनाचा हादरा पोचू नये म्हणून मध्ये लवचिक पाइप घातला, चेसिसला रबरी टांगण्या दिल्या, आणि डब्याच्या तळाला पाणी गळायला बारीक भोक पाडलं. डिझेलच्या टाकीपासून आणि ताडपत्रीपासून पाइप लांब ठेवला. झालं.

त्या रात्री टँकर गल्लीत गेला तेव्हा काहींना तो आल्याचं कळलंच नाही. मामांना हॉर्न वाजवायला लागला! आजी हसून म्हणाल्या, "आता दुसरंच गाऱ्हाणं."

तरी मामांचे कान का गेले?

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण आवाजाचं गणित विचित्र आहे. समजा धुराड्याचा आवाज ९० डेसिबल आणि बाकी ट्रकचा, म्हणजे पंखा, गिअर, टायर, हादरणारा पत्रा, यांचा ८०. दोन्ही मिळून १७० होत नाहीत, होतात साधारण साडेनव्वद. आता धुराडं ७० वर आणा. एकूण किती? ८० च्या थोडं वर. त्यापुढे कितीही भारी सायलेन्सर लावा, फरक पडत नाही, कारण आता बाकीचा ट्रक बोलतोय.

गल्लीला मोठा आराम मिळाला. पण केबिनमध्ये, इंजिनाच्या शेजारी, ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाला तेवढा नाही. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास काढले की कानाला कायमचा धोका सुरू होतो. मामांनी वर्षानुवर्षं काढले. आणि कानाच्या आतल्या त्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्यांचा लिलाव नाही, त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान नाही.

कायदा आणि आपण

भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२० मध्ये, प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कागदावर सगळं आहे. आज परळीत राखेचे हायवा आणि उसाचे ट्रॅक्टर रात्री जातात तेव्हा ४५ चा आकडा कुठे राहतो, ते तिथे झोपणाऱ्यांना विचारा.

आणि आपण? आपण बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर काढून फटाक्याचा लावतो. पोलीस ते जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, आपण त्याचेही रील बघतो. मी पण कॉलेजात असताना लावणार होतो, खोटं कशाला बोलू. मामांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "गाडीत सगळं तुझ्यासाठी असतंय. शीट, लाईट, हँडल. सायलेन्सर तेवढा दुसऱ्यासाठी असतोय. ते काढायलास म्हंजी त्येंचं काढायलास."

मी नाही लावला.

तर मंडळी, रीव्ह्ज बंधूंच्या घोड्यांपासून परळीच्या आजींपर्यंत गोष्ट एकच आहे: रस्त्यावर आपण एकटे नसतो. आणि हो, हा भाग इयरफोनवर ऐकत असाल तर आवाज दोन घरं खाली घ्या. पुढच्या भागात भेटायचंय, आणि तेव्हा तुम्ही "आँ?" म्हणायला नको.

काळजी घ्या. भेटू!