कुत्र्याची सर्दी आणि शंभर वर्षांची गफलत

आजचा विषय इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. कुत्र्यामांजरांची सर्दी. पण तिलाही इतिहास आहे, आणि तो आमच्या घरापर्यंत पोचला होता, म्हणून आज तोच सांगतो.

आमचं घर म्हणजे भिलाईतलं कारखान्याचं क्वार्टर. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि देशभरातून माणसं इथे आली. त्यात आमच्यासारखे विदर्भातले मराठीही होते. माणसांसाठी सेक्टर ९चं मोठं हॉस्पिटल झालं. १९७२ साली मैत्रीबाग झाली, तिथे वाघसिंह आले. अंगणातल्या कुत्र्यासाठी मात्र शेजारच्या काकांचा सल्ला आणि माणसाच्या गोळीचा अर्धा तुकडा.

एका हिवाळ्यात आमच्या मोत्याचं नाक वाहू लागलं. "अहो, याला सर्दी झालीय," आई म्हणाली. "दोन दिवसांत जाईल," बाबा म्हणाले. ते चुकले, पण त्यांच्या आधी मोठमोठे शास्त्रज्ञही इथेच चुकले होते.

आपल्याकडे इंग्रजांनी जनावरांचं वैद्यक उभं केलं ते लष्कराच्या घोड्यांसाठी आणि शेतीच्या बैलांसाठी. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चं. पुण्यात १८८९ साली जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली, ती १८९३ला हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिथला मोठा शत्रू बुळकांडी, म्हणजे गुरांची महामारी. त्यात घरच्या कुत्र्याच्या शिंकेकडे कोण बघणार?

इंग्लंडात कुत्र्याला वाली होता, कारण तिथे शिकारीचे शौकीन होते. देवीची लस काढणाऱ्या एडवर्ड जेन्नरने १८०९ साली कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगाचं वर्णन लिहिलं. सुरुवात सर्दीसारखी, शेवट झटक्यांनी. १९०५ साली फ्रान्सच्या आंरी कारे यांनी सांगितलं की रोगाचं कारण जंतूंना अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही पार होतं. आज आपण त्याला विषाणू म्हणतो. पण अनेकांना ते पटेना. पुढे काही वर्षांतच आजारी कुत्र्यांच्या श्वासनळीत एक जीवाणू सापडला आणि तोच गुन्हेगार ठरला. गंमत बघा, तो जीवाणू होता साध्या खोकल्याचा! ज्याला आज केनेल कफ म्हणतात, त्याचा. म्हणजे किरकोळ आजार आणि जीवघेणा आजार यांची गल्लत खुद्द प्रयोगशाळेत झाली.

ती सुटली १९२०च्या दशकात. 'द फील्ड' या शिकारीच्या साप्ताहिकाने पैसे उभे करायला मदत केली. पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन यांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावर प्रयोग करून कारे बरोबर होते हे सिद्ध केलं आणि लसही काढली. फेरेट हाताशी होते म्हणूनच १९३३ साली लेडलॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसाच्या फ्लूचा विषाणूही त्यांच्यात वाढवता आला. कुत्र्याच्या सर्दीने माणसाचं एवढं भलं केलंय.

मग घरी फरक कसा ओळखायचा? केनेल कफमध्ये घशात काही अडकल्यासारखा कोरडा खोकला येतो, पण कुत्रा खातो, खेळतो. बहुधा दोन-तीन आठवड्यांत बरा होतो. गळ्यातला पट्टा काढावा, विश्रांती द्यावी, इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावं. डोळ्यानाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव, अन्न बंद, ताप, मग उलट्या-जुलाब असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. नाक गरम लागलं म्हणजे ताप, हा आपला समज खोटा आहे, थर्मामीटर लावावा. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

मांजराचं थोडं निराळं. नाक चोंदलं की वास येत नाही, आणि वास नाही तर मांजर तोंड लावत नाही. कोमट पाण्याने नाकडोळे पुसा, खाणं जरा कोमट करून द्या, आंघोळीच्या वाफाळलेल्या खोलीत थोडा वेळ घेऊन बसा. तरीही दिवसभर खाल्लं नाही तर थांबू नका, उपाशी मांजराचं यकृत बिघडतं. आणि पॅरासिटामॉल कधीही नाही. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

मोत्याला आम्ही ती गोळीच देत होतो. त्याने कुत्रा लगेच मरत नाही, पण दिवस गेले. बाराव्या दिवशी त्याचा जबडा आपोआप हलू लागला, काही चघळत असल्यासारखा. आम्हा मुलांना वाटलं, त्याला भूक लागली. आईने पोळी आणली. ते झटके होते, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचताना कळलं. लस तेव्हाही होती. आमच्या घरात तो शब्द फक्त मुलांसाठी वापरत.

आता दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१२पासून कामधेनू विद्यापीठही. आमच्याकडे सध्या मनी आहे. ती शिंकली की मी आधी तिच्या बशीत किती उरलंय ते बघतो.